टाकून दिलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं घर : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल, पुस्तकांची दोन कपाटं, मुलीचं अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघरातला बिडाचा तवा आणि बाल्कनीतल्या जवळजवळ सगळ्या कुंड्या यांतलं काहीही आम्ही दुकानातून नवं आणलेलं नाही. कुणाला तरी ते नको झालं होतं. आम्ही पुण्यात राहतो, भाड्याच्या दोन खोल्यांपासून सुरुवात केली आणि पहिल्या दोन वर्षांत गरजेपोटी हे शिकलो. आता गरज तेवढी उरली नाही, तरी सवय ठेवली आहे. घरी येणारी माणसं जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

म्हणजे तुम्ही कचराकुंडी उपसता का?

नाही. मिसळलेल्या कचऱ्यात मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका. त्यात फुटकी काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया, वापरलेले पॅड असं सगळं असतं. शिवाय चांगली वस्तू सहसा कुंडीपर्यंत पोचतच नाही. त्याआधी ती दोन-चार दिवस जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा वॉचमनच्या खोलीमागे उभी असते. माझं सगळं काम त्या दोन-चार दिवसांत होतं.

पैसे खरंच वाचतात का? की मनाचं समाधान?

वाचतात, पण वही ठेवली तरच कळतं. मी दर वस्तूपुढे तीन आकडे लिहिते: आणायला किती लागले, दुरुस्तीला किती, आणि तशीच वस्तू नवी किंवा जुन्या बाजारात कितीला मिळाली असती. मुलीचं टेबल फुकट मिळालं. टेम्पोला ४०० रुपये गेले, सनमायका, फेव्हिकॉल आणि स्क्रूला ३५०. त्या मापाचं टेबल तेव्हा दुकानात साडेचार हजारांना होतं. हा सरळ फायदा.

आता दुसरी बाजू. एका घरातून फ्रिज फुकट मिळाला म्हणून आम्ही खूश झालो. दोन माणसं लावून तिसऱ्या मजल्यावर चढवला, गॅस भरून घ्यायला २,८०० रुपये दिले आणि सात महिन्यांत कॉम्प्रेसर बसला. त्यात तो जुना फ्रिज वीज किती खात होता, हे तो बंद पडल्यावर आलेल्या बिलाने दाखवलं. फुकटची वस्तू सगळ्यांत महाग पडली ती तेव्हा.

पंख्याचंच गणित बघा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला १६ युनिटांचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले तर १६० रुपये झाले. म्हणजे झोपायच्या खोलीत फुकटचा जुना पंखा लावणं हा तोटा आहे. रोज तासभर वापरायच्या खोलीत तोच पंखा उत्तम. वस्तू चांगली की वाईट यापेक्षा ती किती तास चालणार, हे आधी विचारा.

लाकूड, लोखंड, भांडी, पुस्तकं आणि सुती कापड यांत जवळजवळ नेहमी फायदा होतो. वीज खाणाऱ्या वस्तूंत क्वचित. कापूस-फोम भरलेल्या वस्तूंत नाहीच म्हणा.

यात कचरावेचकांच्या पोटावर पाय येत नाही का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं तर तो सगळ्यांत आधी यायला हवा.

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ पासून तिचे सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करत आले आहेत. त्यांत बहुतेक बायका आहेत. घरटी मिळणारं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, या दोन्हींवर त्यांचं घर चालतं. तुम्ही सुक्या कचऱ्यातून पुठ्ठा, बाटल्या, डबे, तांब्याची वायर काढून घेतलीत, तर ती बचत तुमची नाही. ती त्या मावशींच्या दिवसभराच्या कमाईतून काढलेली आहे.

मी पाळते तो नियम साधा आहे. जे काट्यावर विकलं जातं ते त्यांचं. जे वापरायला किमती पण काट्यावर कवडीमोल, तेच आपण घ्यायचं. प्लायवूडचं टेबल, पार्टिकल बोर्डाचं कपाट, फुटक्या कडेचा माठ, सोफ्याचा सांगाडा यांना भंगारात काहीच भाव नसतो. उलट ते उचलून न्यायचा त्यांना ताप होतो. ते तुम्ही नेलंत तर सगळ्यांचीच सोय होते.

लोखंडी खाट किंवा रॅक हवा असेल तर काट्याचा भाव द्या, वर थोडे जास्त. आमचा पत्र्याचा रॅक मी भंगारवाल्या दादांकडून वजनावर घेतला. तेव्हा लोखंड किलोला २८ रुपयांनी जात होतं, मी ४०ने दिले. चौदा किलोचे ५६० झाले. त्यांना भंगारापेक्षा जास्त मिळाले आणि मला अडीच हजारांचा रॅक मिळाला. त्यानंतर त्यांच्याकडे धड वस्तू आली की ते मला आधी सांगतात.

चांगल्या वस्तू केव्हा आणि कुठे मिळतात?

वर्षाचं वेळापत्रकच आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरोघरी माळे रिकामे होतात. भांडी, बरण्या, पुस्तकं आणि जुन्या ट्रंका तेव्हा बाहेर येतात. मे-जूनमध्ये विद्यार्थी खोल्या सोडतात, अकरा महिन्यांचे करार संपतात, आणि बादल्या, टेबलं, पुस्तकांचे रॅक, आरसे मागे राहतात. त्याच सुमारास आंब्याच्या पेट्या मिळतात. पेटीच्या फळ्या मांडणीला आणि आतला पेंढा कुंड्यांतल्या मातीवर पसरायला.

होळीच्या आधीचा आठवडा मात्र माझा जीव वर-खाली करणारा. पोरं लाकूड गोळा करत फिरतात आणि चांगल्या सागवानी चौकटी, पाट, पाळण्याचे कठडे होळीत जातात. आमच्या गल्लीतल्या मुलांना मी दोन वर्षं सुकलेल्या फांद्या आणि गोवऱ्या आणून दिल्या आणि बदल्यात दोन खिडक्या आणि एक चौरंग सोडवून घेतला. चौरंगावर आता आमचा गणपती बसतो.

सगळ्यांत मोठी खाण म्हणजे पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या आणि पाडले जाणारे वाडे. माणसं नव्या घराच्या आनंदात असतात आणि बत्तीस वर्षांचा संसार मागे टाकून जातात. शहाबादी फरशा, ओट्याचा कडाप्पा, पितळी कड्या-कोयंडे, जाड बिजागऱ्या, सागवानी दारं असं बरंच काही तिथे मिळतं. इमारत पाडायचा ठेका एकदा दिला की दारं-खिडक्या, लोखंड, नळ सगळं ठेकेदाराचं होतं, कारण त्या मालाची किंमत धरूनच त्याने बोली लावलेली असते. त्यामुळे एक तर कुटुंबं घर सोडत असताना त्यांच्याकडे विचारा, नाही तर ठेकेदाराकडून रास्त भावात विकत घ्या. तिथे पडलेलं फुकट आहे असं समजू नका, आणि अर्धवट पाडलेल्या इमारतीत तर पाऊलही टाकू नका.

बाजारांपैकी पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. हत्यारं तिथेच घ्यावीत. जुनी पटाशी, रंधा, पाने हातात घेऊन तोलून पाहता येतात. मुंबईत जुन्या फर्निचरसाठी जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट आणि बारीकसारीक वस्तूंसाठी मटण स्ट्रीटचा चोर बाजार. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुन्यापान्या मालाचा बाजार लागतो. पुस्तकांसाठी हुतात्मा चौकातला फुटपाथ आहेच, पण आपल्या गल्लीतला रद्दीवाला विसरू नका. त्याला आधी विचारून गठ्ठे चाळायचे आणि रद्दीच्या दुप्पट भाव द्यायचा. मला दिवाळी अंकांचे जुने संच असेच मिळाले.

विचारायचं कसं? मला संकोच वाटतो.

पहिल्या वेळी मलाही वाटला होता. मग लक्षात आलं की वस्तू टाकणाऱ्याला तिच्यापासून सुटका हवी असते आणि तुम्ही ती करून देत असता. सरळ बोलायचं. “मामा, जिन्याखालचं टेबल कुणाचं आहे? टाकायचं असेल तर मी नेईन.” वॉचमनमामा फ्लॅट नंबर सांगतात. वर जाऊन बेल वाजवायची: “काकू, खालचं टेबल तुम्ही काढलंय का? मला मुलीच्या अभ्यासाला हवं होतं. नेऊ का?” आजवर एकदाही कुणी दार लावून घेतलेलं नाही. उलट दोनदा चहा मिळाला आणि एकदा टेबलाबरोबरची खुर्चीही.

तीन गोष्टी पाळा. परवानगी मिळाली की त्याच दिवशी उचला, “रविवारी नेतो” म्हणू नका. वस्तू काढताना सांडलेला कचरा झाडून टाका. आणि वॉचमनमामांना, सफाईच्या ताईंना त्यातलं काही हवं होतं का, ते आधी विचारा. त्यांचा हक्क आपल्याआधी.

हे कायदेशीर आहे का?

मालकाने स्वतःहून दिलेली वस्तू घ्यायला काहीच अडचण नाही. गेटजवळ पडलेली प्रत्येक वस्तू मात्र बेवारस नसते. कुणी रंग देण्यासाठी बाहेर काढली असेल, कुणी टेम्पोची वाट पाहत असेल. म्हणून विचारायचंच.

बाजारात घेताना चोरीच्या मालाची भीती असते. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून, अप्रामाणिकपणे घेणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. भाव अशक्य वाटण्याइतका कमी असेल तर निघून या. जुना मोबाइल घेत असाल तर पैसे देण्याआधी त्यावर *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि सरकारच्या सीईआयआर संकेतस्थळावर तपासा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथे कळतं.

आणखी एक, वाड्यांच्या संदर्भात. भिंतीत किंवा जमिनीत पुरलेलं काही मौल्यवान सापडलं तर ते “ज्याला सापडलं त्याचं” होत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

लाकूड चांगलं आहे की नाही, कसं ओळखायचं?

वरून पाहू नका. वस्तू उलटी करा. मागची बाजू, पायांचे तळ, खणाचा तळ इथे खरं दिसतं, कारण तिथे कुणी पॉलिश करत नाही.

पार्टिकल बोर्ड कडेला भुसा दाबल्यासारखा दिसतो. पाणी लागलं की फुगतो आणि एकदा ढिला झालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. खालची कड फुगली असेल तर सोडून द्या, किंवा नुसत्या कड्या-बिजागऱ्या काढून घ्या. प्लायवूडच्या कडेला थर दिसतात. थर सुटले नसतील तर ते घेण्यासारखं आहे. सागवान ओळखायला न दिसणाऱ्या जागी चाकूने जरा खरवडा. आतून सोनेरी-तपकिरी निघतं आणि चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. शिसवी काळपट आणि चांगलंच जड असतं.

मग कीड. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. अशी वस्तू घराच्या जवळपासही आणू नका. टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर खाली कागद पसरून वस्तू आपटा. मैद्यासारखी ताजी भुकटी पडली तर किडा अजून आत आहे. भोकं आहेत पण भुकटी नाही, म्हणजे तो केव्हाच निघून गेलेला असू शकतो. अशी वस्तू औषध लावून महिनाभर बाल्कनीत कागदावर ठेवा आणि मग आत घ्या.

एमआयडीसीतून मिळणारी पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी) हल्ली सगळ्यांना हवी असतात. त्यांवर शिक्का पाहा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि शेजारी दोन इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला, ती नको. शिक्का नसेल आणि लाकडाला तेलाचा किंवा रसायनाचा डाग असेल तर तेही नको.

रंगवलेल्या जुन्या दारा-खिडक्यांबाबत काळजी घ्या. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत कितीही शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. पाणी मारत ओला घासा, तोंडावर मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दूर ठेवा, आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून घरगुती घातक कचऱ्यात द्या.

ढेकूण घरात आले तर?

तर जे वाचलं ते सगळं गेलं असं समजा. म्हणून कापड किंवा फोम लावलेली वस्तू मी अनोळखी घरातून आणतच नाही. गादी, सोफा, उशा, गाद्यांच्या खुर्च्या, काहीच नाही. लाकडी खाट आणायची असेल तर सांध्यांत टॉर्च मारून पाहा आणि फटींतून एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवा. काळे ठिपके, साली, जिवंत ढेकूण, काहीही दिसलं तर सोडून द्या. काही दिसलं नाही तरी खाट बाहेरच सोडवून सांध्यांवर उकळतं पाणी ओतते, वाळू देते, मगच उंबरा ओलांडू देते.

आपल्या माणसांकडची कापसाची गादी मात्र जरूर घ्या. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून, नवी खोळ शिवून घेतली की ती नव्यासारखी होते. फोमला ही सोय नाही.

विजेच्या वस्तूंचं काय?

ज्यात मोटर आहे आणि रोज थोडाच वेळ चालते, ती दुरुस्त करण्यासारखी. मिक्सरचा बहुतेक वेळा कपलर झिजलेला असतो किंवा कार्बन ब्रश संपलेले असतात. दोन्ही स्वस्त. छताचा पंखा हळू फिरतो किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो तेव्हा बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. त्यावर छापलेला आकडा, बरेचदा २.५ मायक्रोफॅरड, तोच दुकानदाराला सांगा. शंभराच्या आत काम होतं. मेन स्विच बंद करून, आणि जमत नसेल तर वायरमनकडूनच.

वायर कडक किंवा तडकलेली असेल तर वस्तू तपासण्याआधी वायर बदला. गिझर, मायक्रोवेव्ह, जुने टीव्ही उघडू नका. मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढा झटका देऊ शकतो. तांब्यासाठी वायर जाळणं तर कुणीच करू नये, त्या धुरात विष असतं.

भांडी वापरायला सुरक्षित असतात का?

बिडाचा तवा किंवा कढई कितीही गंजली तरी घ्या. तडा नसला म्हणजे झालं. चिंचेचा कोळ आणि काथ्याने घासायची, धुऊन लगेच चुलीवर कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवून धूर येईपर्यंत तापवायची. असं चार-पाच वेळा केलं की काळीभोर चकाकी येते. माझ्या तव्यावर आता घावनं अलगद सुटतात. हा तवा एका काकूंनी जिन्यात टाकला होता. आता त्यांनी पाहिला तर परत मागतील, इतका तो देखणा झाला आहे.

पितळी पातेलं मिळालं तर कल्हई केल्याशिवाय आत आमटी, ताक, चिंच काही शिजवू नका. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर फिरवतो आणि कथलाचा पातळ थर देतो, तो झिजला की पुन्हा करून घ्यायचा. स्टीलला काहीच होत नाही, उकळत्या पाण्यातून काढा. खरवडलेलं नॉनस्टिक आणि टवके उडालेलं मेलामाइन घेऊ नका.

अजिबात काय आणू नये?

प्रेशर कुकर, दुचाकीचं हेल्मेट, लहान बाळाची गाडीतली सीट: यांना आतून काय झालं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. शेगडी आणली तर गॅसची रबरी नळी (सुरक्षा होज) नवीच. तिचं आयुष्य पाच वर्षं धरतात. जुने सिमेंटचे पत्रे बिलकूल नकोत. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ट्यूब आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. फुटलेले तर नाहीच. शिवाय कीटकनाशकाचे डबे, औषधं, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या.

निळ्या ड्रमबद्दल वेगळं लिहिते, कारण पाणीटंचाईच्या दिवसांत गावोगावी ते पाणी साठवायला घेतले जातात. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारा आणि लेबल पाहा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल किंवा लेबल खरवडून काढलेलं असेल, तर त्यात पिण्याचं पाणी किंवा धान्य ठेवू नका. कितीही वेळा धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन जात नाही.

जुन्या कपड्यांचं काय करता?

आजीची पद्धत. जुन्या सुती साड्यांचे थर, वरून धावदोरा, झाली गोधडी. मोठ्या गोधडीला चार-पाच साड्या लागतात. सिंथेटिक साडी घालू नका. ती घाम शोषत नाही आणि थर सरकतात. हाताने गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांना त्यांची मजुरी घासाघीस न करता द्या. एक गोधडी म्हणजे कित्येक दिवसांची पाठ आणि डोळे असतात.

चादरीच्या कडा सहसा धड राहतात, मधला भाग विरतो. कडांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात, मधल्या भागाची पुसणी. बोहारीण अजून येत असेल तर तिला कपडे द्या. तिचा सौदा पक्का असतो हे खरं, पण तिने नेलेला सदरा कुणाच्या तरी अंगावर जातो.

घरचे म्हणतात, दुसऱ्याचं वापरलेलं आणणं अशुभ. त्यांना काय सांगू?

वाद घालू नका. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिले कपडे कुणाचे घालतात? दुसऱ्या बाळाचे, वापरून मऊ झालेले. ते आपण शुभ मानतो. माझ्या सासूबाईंना मी एवढंच आठवून दिलं. तरीही त्यांनी शनिवारी लोखंड घरात आणू नकोस म्हटलं, आणि मी आणत नाही. बाकीचे सहा दिवस पुरतात. एखाद्या वस्तूबद्दल घरात कुणाच्या मनात खरंच अढी असेल तर ती वस्तू सोडून द्या.

घरात अडगळ साचणार नाही का?

साचते, आणि या सगळ्यातला खरा धोका तोच आहे. पुण्यात एक खोली किती भाड्याची पडते ते आठवा. माळ्यावर पडलेली “कधीतरी लागेल” वस्तू रोज भाडं खात असते.

उपाय म्हणजे आधी यादी. आमच्या फ्रिजवर कागद असतो: काय हवं आहे आणि किती मापाचं. पिशवीत मेजरिंग टेप असतेच. यादीत नसलेली वस्तू कितीही देखणी असली तरी उचलायची नाही. दुरुस्तीला आणलेल्या वस्तूवर तारीख लिहिते आणि तीन महिन्यांत हात लागला नाही तर ती पुढे जाते. ही यादी आल्यापासून मी पूर्वीच्या निम्म्याहून कमी वस्तू आणते आणि वहीतली बचत वाढली आहे.

बाटल्या रंगवून फुलदाण्या, सीडीची तोरणं, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, ज्याला शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात, ते मी बचतीत धरत नाही. मुलांना आनंद मिळतो, जरूर करावं. पण रंग विकत आणून नको असलेली वस्तू बनवली तर त्यात वाचलं काय? त्यापेक्षा एप्रिलमध्ये मुलांच्या वह्यांतली कोरी पानं काढून बाइंडिंग करून घ्या. आमच्याकडे दर वर्षी तीन जाड कच्च्या वह्या होतात.

बागेसाठी काय काय मिळतं?

भरपूर. फुटके माठ, गळक्या बादल्या, रंगाचे डबे (फुलझाडांना, भाजीला नाही). रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं आणि नारळाच्या शेंड्या तळाशी. सोसायटीतला पालापाचोळा जाळण्याआधी गोणीत भरून आणा. भोकं पाडलेल्या जुन्या ड्रममध्ये थोडं ओलं शेण किंवा ताक घालून दाबला की काही महिन्यांत खत होतं. मी माती विकत आणणं बंद केलं आहे.

आपल्याला नको झालेली वस्तू पुढे कशी द्यायची?

जशी मिळावी असं आपल्याला वाटतं, तशी. पुण्यात ‘स्वच्छ’ मोठ्या आणि जुन्या वस्तूंसाठी ‘व्ही कलेक्ट’ नावाने संकलन करते. कपडे आणि घरगुती सामान ‘गूंज’सारखी संस्था घेते. पण सगळ्यांत आधी जिना. वस्तू पुसून, कोरड्या जागी, रात्री नव्हे तर सकाळी ठेवा, म्हणजे दिवसाउजेडी कुणी पाहील. वर कागद चिकटवा: “चालू आहे. कुणीही न्या. फ्लॅट नंबर अमुक.” बिघाड असेल तर तोही लिहा, “डाव्या पायाचा स्क्रू ढिला”, “रेग्युलेटर बंद”. टेबल सोडवलं असेल तर सगळे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी टेबलाच्याच पायाला घट्ट बांधा. बाहेर आलेले खिळे काढा. तीन दिवसांत कुणी नेलं नाही तर कचऱ्याच्या मावशींना विचारा, आणि त्यांनाही नको असेल तर उचलण्याची मजुरी हातात देऊन मगच पाठवा.